एका पुलीपासून रेकॉर्डच्या दुकानापर्यंत : आमची वाटचाल

बेळगावच्या उद्यमबागेत आमचं मूळ काम जॉब वर्कचं. हायड्रॉलिकचे सुटे भाग, बुश, फाउंड्रीतून आलेल्या कास्टिंगचं मशिनिंग. गाण्याशी संबंध म्हणाल तर लेथच्या आवाजात रेडिओ चालू असायचा, तेवढाच. आज त्याच शेडच्या पुढच्या भागात रेकॉर्ड प्लेअर दुरुस्त होतात, रेकॉर्ड धुतल्या जातात, विकल्या जातात. ठरवून काहीच केलं नव्हतं.

इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी मामाने अमेरिकेहून आणलेला टर्नटेबल घेऊन आला. व्होल्टेजसाठी ट्रान्सफॉर्मर लावलेला, तबकडी फिरत होती, पण गाणारा झोपेत गातोय असं वाटायचं. “काका, मोटर गेली काय ओ?” मोटर ठणठणीत होती. तिकडची वीज ६० हर्ट्‌झची, म्हणजे सेकंदाला ६० ठेक्यांची, आपली ५० ची, आणि ही मोटर विजेच्या ठेक्यावरच फिरणारी. मिनिटाला ३३ १/३ फेरे व्हायचे तिथे जेमतेम २८ होत होते. यावरचा उपाय लेथवाल्याच्या हातचा. मोटरवरच्या, बेल्टने तबकडी फिरवणाऱ्या पुलीचा व्यास १.२ पट करायचा, त्यात बेल्टची जाडीही धरायची. पितळेच्या बारातून नवी पुली काढली. वेग तपासायला तबकडीवर १८० रेघांचं चक्र ठेवतात. ५० हर्ट्‌झवरच्या ट्यूबलाइटखाली वेग बरोबर असला की रेघा जागच्या जागी थांबल्यासारख्या दिसतात. एलईडीखाली हे नीट जमेलच असं नाही, म्हणून एका टेबलावर आम्ही जुनी चोकवाली ट्यूब अजून ठेवली आहे. वीजबिलावरून घरी बोलणी खातो, पण काढत नाही.

त्या मुलाने हॉस्टेलवर सांगितलं आणि रांग लागली. कुणाचा बेल्ट सैल, कुणाच्या आजोबांच्या प्लेअरचं रबरी चाक दगडासारखं कडक झालेलं. एकाने तर “आपल्याकडे फाउंड्री आहेच, बिडाची जड तबकडी ओतून द्या” म्हटलं. बीड चालत नाही. पिकअपमधलं, म्हणजे सुई बसते त्या डबीतलं, चुंबक लोखंडाकडे ओढलं जातं आणि सुईवर नको तेवढा भार येतो. आम्ही ॲल्युमिनियमची करून दिली.

ही मुलं ऐकतात काय? मोठ्या कंपन्यांच्या बाहेरची गाणी. कुठल्यातरी शहरातले चार जण स्वतःच्या पैशांनी रेकॉर्डिंग करतात, तीनशे-पाचशे प्रती छापून घेतात, आणि संपल्या की संपल्या. गाणी फोनवर असतातच. तरी रेकॉर्ड घेतात, काहींकडे तर प्लेअरही नसतो! आधी मला हा शौक वाटला होता. पण फोनवर हजार वेळा ऐकून बँडच्या हातात जे पडतं, त्यापेक्षा एका रेकॉर्डमधून जास्त पडतं, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. शिवाय बारा इंची कव्हर, आत शब्दांचा कागद, आणि एक बाजू वीस-बावीस मिनिटांची. तेवढा वेळ गाणं पुढे ढकलायला कोणी उठत नाही.

“रेकॉर्डचा आवाज उबदार असतो” वगैरे सांगून मी माल विकत नाही. आजच्या बहुतेक नव्या रेकॉर्ड डिजिटल फायलींवरूनच कोरल्या जातात. सुई बोथट असेल तर आवाज उबदार नाही, घासलेला येतो. अमेरिकेत २०२० साली रेकॉर्डच्या विक्रीतून आलेला पैसा सीडीपेक्षा जास्त झाला. पण त्याच वर्षी फेब्रुवारीत कॅलिफोर्नियातला, लॅकर डिस्क, म्हणजे छपाईआधी गाणं ज्यांवर कोरतात त्या कोऱ्या तबकड्या, करणारा कारखाना जळाला. जगात असे दोनच होते. आपली ऑर्डर आलीच नाही म्हणून वैतागलेल्या पोरांना हे मी समजावून सांगत बसायचो. २०२४ मध्ये मुंबईत पुन्हा रेकॉर्ड छापण्याचा कारखाना सुरू झाला, याचा आनंद म्हणूनच मोठा.

जुना माल मात्र गावातच आहे. शहापुरातल्या घरांतून नाट्यसंगीत येतं, कॅम्पातून इंग्रजी, फौजी कुटुंबांकडून सगळीकडचं. कुमार गंधर्व तर इथल्या सुळेभावीचे, १९२४ चा जन्म. त्यांची एलपी, म्हणजे ३३ १/३ फेऱ्यांची मोठी रेकॉर्ड, आली की मराठी आणि कानडी, दोन्ही गिऱ्हाइकं हात घालतात. मी किंमत वाढवत नाही, जो आधी विचारेल त्याला देतो. यावरून माझं आणि भागीदाराचं दर वेळी वाजतं.

खरा शत्रू म्हणजे आमचा पाऊस. जूनपासून कपाटातल्या रेकॉर्डवर पांढरी बुरशी चढते. एलपी असेल तर डिस्टिल्ड वॉटर, त्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल, आणि मऊ ब्रश खाचेच्या दिशेने गोल फिरवायचा. मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या जुन्या रेकॉर्डला मात्र अल्कोहोलचा थेंबही लावायचा नाही. ती लाखेची असते, लाख विरघळते, आणि बुरशीबरोबर गाणंही जातं. तिची सुईही वेगळी, एलपीच्या सुईच्या चौपट जाड. काउंटरवर पहिला प्रश्न म्हणून आम्ही रेकॉर्ड कुठली तेच विचारतो.

विक्रीत मार्जिन फार नाही. बाहेरून मागवलेल्या मालावर वाहतूक आणि कस्टम ड्युटी भरून उरतं ते चहापाण्याला. दुकान चालतं ते दुरुस्ती आणि धुलाईवर, आणि महिनाअखेरीला पगार भागतो तो अजूनही मागच्या लेथवर. निपाणी, खानापूर, चिकोडीहून प्लेअर आणणाऱ्यांना एकच विनंती : टोनआर्म, म्हणजे सुईचा दांडा, दोऱ्याने बांधून आणा, आणि रेकॉर्ड पिशवीत आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. एसटीत वरच्या रॅकवर तर अजिबात नको.