विहिरीच्या काठावरचा माणूस

गेली 17 वर्षं मी तत्त्वज्ञान शिकवते. आमचं कॉलेज कृष्णाकाठी, एका तालुक्याच्या गावात. तृतीय वर्षाला नीतिशास्त्र घेणारी यंदा 23 मुलं आहेत, त्यात 16 मुली. बहुतेक सगळी एसटीच्या पासवर येतात. सकाळी धार काढून, डेअरीला दूध घालून येणारी तर निम्मी.

मुलांना एखाद्या वादाच्या विषयावर मत विचारलं की आधी गाईडातलं वाक्य येतं. ‘या विषयावर दोन मतप्रवाह आढळतात.’ फाशी असो, आंतरजातीय लग्न असो, दयामरण असो, मतप्रवाह दोनच. आरक्षणाचा विषय निघाला तर तोंड उघडण्याआधी मुलं एकमेकांची आडनावं आठवून घेतात, ते मला समोरून दिसतं. फाशीवर बोलताना कोपर्डीचं नाव निघतं आणि वर्ग एका आवाजात बोलतो. अशा वेळी जे ऐकू येतं ते घरचं, पारावरचं किंवा मोबाइलवरचं असतं. त्यात त्यांचं स्वतःचं किती, हे कळायला फार वाट बघावी लागते. स्टाफरूममध्ये कुणी म्हणतं, ‘या पोरांना कसली आलीत मतं?’ तेव्हा मला वाईट वाटतं. मतं असतात. ती बाहेर यावीत असा प्रश्न आपण विचारलेला नसतो.

हे मला गेल्या पावसाळ्यातल्या एका तासाला नीट कळलं.

दयामरण शिकवताना मी दरवर्षी एक गोष्ट सांगते. मूळ गोष्ट जेम्स रेचल्स या अमेरिकन तत्त्वज्ञानं 1975 साली मांडलेली. त्याच्या गोष्टीत बाथटब आहे, मी त्याची विहीर केली. चुलत घरातलं सहा वर्षांचं पोर मेलं तर वाटा आपल्याला मिळेल, अशी दोन माणसं. पहिला पोराला विहिरीत ढकलतो. दुसराही त्याच हेतूनं जातो, पण तो पोचतो तेव्हाच पोराचा पाय घसरतो आणि ते आपोआप पाण्यात पडतं. हा काठावर उभा राहून बघतो. हातात कासरा आहे, पण टाकत नाही. दोघांत जास्त दोषी कोण?

रेचल्सला दाखवायचं होतं की मारणं आणि मरू देणं यांतला फरक आपण मानतो तेवढा पक्का नाही. वर्ग हे लगेच मानतो. त्या दिवशीही मानलं. ‘दोघंबी सारखेच, मॅडम. बघत राहणाराही मारणाराच.’ मी समाधानानं फळ्याकडे वळले आणि ‘सक्रिय’ म्हणजे मारणं आणि ‘निष्क्रिय’ म्हणजे मरू देणं, असे दयामरणाचे दोन रकाने आखले.

मागून आवाज आला, ‘मग माझे पप्पा कोण?’

तिसऱ्या बाकावरची मुलगी. वर्षभरात स्वतःहून बोललेली मला आठवत नाही. (तिला विचारून हे लिहिते आहे. नाव घालू नका म्हणाली, पण लिहा म्हणाली.) उभी न राहताच तिनं सांगितलं. आज्ज्याला झटका आला. जवळच्या मोठ्या गावात एका खासगी दवाखान्यात आयसीयूत ठेवलं. व्हेंटिलेटर, औषधं, तपासण्या धरून दिवसाला 22 हजार. सरकारची मोफत उपचारांची फुले योजना तिथं लागू नव्हती, आणि हलवायचं तर वाटेतच काही होईल असं सांगितलेलं. चौथ्या दिवशी दुभती म्हैस विकली. सातव्या दिवशी आत्यानं पाटल्या दिल्या. नवव्या दिवशी पप्पांनी ‘आमच्या जबाबदारीवर नेतोय’ म्हणून सही केली. अॅम्ब्युलन्समध्ये हातानं श्वासाचा फुगा दाबत दारापर्यंत आणलं. आज्ज्याला सोप्यात खाली घेतलं, आज्जीनं तोंडात पाणी घातलं. तासाभरात संपलं.

‘बघत राहणारा मारणाराच असेल, तर पप्पा मारणारेच की.’

ज्या मुलानं ‘सारखेच’ म्हटलं होतं तो खाली बघत बसला. मला काही सुचलं नाही. घंटा झाली, एसटीची वेळ झाली, आणि पहिल्यांदाच त्या तासानंतर कुणी धावलं नाही.

रात्री मी रेचल्सचा लेख पुन्हा काढून वाचला. त्याचा युक्तिवाद त्याच्या जागी बरोबर आहे. त्याच्या गोष्टीतल्या दोघांना पोर मेलेलंच हवं होतं. हेतू एक, म्हणून दोष एक. तिच्या वडिलांना बाप मेलेला नको होता. एवढा साधा फरक मी इतकी वर्षं गोष्ट सांगताना घाईत ओलांडून जात होते, कारण मला वर्गाचा होकार हवा असायचा. ते मी दुसऱ्या दिवशी वर्गासमोर कबूल केलं आणि म्हटलं, आज फळ्यावर मी काही लिहिणार नाही.

पुढचं सगळं मुलांनी केलं.

‘तुझ्या पप्पांच्या हातात कासरा कुठं होता?’ कालच्याच मुलानं तिला विचारलं. माफी मागण्याची त्याची ती पद्धत असावी.

‘होता की,’ ती म्हणाली. ‘म्हैस होती, पाटल्या होत्या. नऊ दिवस पुरला. मग आखूड पडला.’

वर्ग गप्प झाला. मग खिडकीजवळची एक मुलगी म्हणाली, ‘मॅडम, तुमच्या गोष्टीत माणूस कमी आहे. विहिरीवर अजून कुणीतरी पाहिजे. लांब कासरा असलेला.’

हे वाक्य मी वहीत तारीख घालून लिहून ठेवलं आहे. नीतिशास्त्रात सगळा भर काठावर उभ्या असलेल्या एकट्या माणसावर असतो, त्यानं काय करावं यावर. कासरा एकाकडे लांब आणि दुसऱ्याकडे आखूड का, हा प्रश्न राज्यशास्त्राचा म्हणून आपण शेजारच्या वर्गात पाठवून देतो. तिनं तो ओढून परत आणला.

त्यानंतर मी त्यांना अरुणा शानबाग यांची हकीकत सांगितली. परळच्या केईएममधल्या परिचारिका. नोव्हेंबर 1973 मध्ये तिथल्याच एका कर्मचाऱ्यानं हल्ला केला आणि त्या जवळजवळ 42 वर्षं खाटेवर राहिल्या. त्यांचं अन्न थांबवू द्यावं अशी याचिका पत्रकार-लेखिका पिंकी विराणी यांनी केली होती. 7 मार्च 2011 रोजी सर्वोच्च न्यायालयानं ती फेटाळली, पण त्याच निकालात निष्क्रिय दयामरणाला अटी घालून वाट करून दिली. अरुणाच्या वतीनं बोलायचा हक्क केईएमच्या परिचारिकांचा आणि डॉक्टरांचा, असं न्यायालयानं मानलं, कारण सांभाळत होते ते. त्यांना ती जगायला हवी होती. 18 मे 2015 ला न्यूमोनियानं त्या गेल्या.

मला वाटलं होतं मुलं ‘तिची सुटका करायला हवी होती’ यावर भांडतील. भांडली वेगळ्याच गोष्टीवर. ‘सांभाळणाऱ्याला हक्क, हे बरोबर आहे,’ एक मुलगी म्हणाली. ‘पण आमच्यात सांभाळते सून आणि सही करतो मुलगा.’ मग मुलींनी आपापल्या घरचं काढलं. आज्जीचं हागणं-मुतणं कुणी काढलं, रात्री कूस कुणी बदलली आणि डॉक्टरनं बाहेर बोलावून कुणाला विचारलं. दोन मुलांना राग आला. येऊ दिला.

कायदा तिथून पुढे सरकला आहे, तोही सांगितला. 9 मार्च 2018 ला पाच न्यायाधीशांच्या पीठानं जिवंतपणीचं इच्छापत्र मान्य केलं. माझं भान गेलं आणि बरं व्हायची आशा उरली नाही, तर यंत्रांवर ठेवू नका, असं आधीच लिहून ठेवता येतं. जानेवारी 2023 मध्ये रीत सोपी केली. आता दंडाधिकाऱ्याकडे जावं लागत नाही, नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर होतं. उपचार थांबवण्याआधी डॉक्टरांची एक समिती आणि तिच्यावर दुसरी समिती बघते. इच्छापत्र नसेल तरी समित्या लागतातच.

‘आमच्याकडे कुठली समिती बसली नाही,’ तिसऱ्या बाकावरून आवाज आला. ‘कागद दिला आणि पेन दिलं.’

चिठ्ठ्या मागवल्या, नावाशिवाय. तुमच्या घरात कुणाला कधी ‘आता घरी न्या’ असं सांगितलं गेलं का? अर्ध्याहून जास्त चिठ्ठ्यांवर ‘हो’ होतं. ‘दयामरण’ हा शब्द सगळ्यांना पुस्तकातला, दूरचा वाटत होता, आणि घरात मात्र हे घडून गेलेलं होतं.

एका मुलानं विनोबांचं नाव काढलं. 1982 च्या नोव्हेंबरात पवनारला त्यांनी अन्न, पाणी, औषध सोडलं आणि 15 तारखेला देह ठेवला. दुसऱ्यानं आळंदीची समाधी सांगितली. मग प्रश्न असा आला की विनोबांनी औषध नाकारलं, आज्ज्याचंही औषध थांबलं. बाहेरून बघणाऱ्याला दोन्ही सारखंच. मग फरक कशात? बराच वेळ घासाघीस झाली. शेवटी एका मुलीनं मांडलं ते असं की विनोबांकडे औषध होतं, म्हणून त्यांना ते नाकारता आलं. ज्याच्याकडे नाहीच तो काय नाकारणार? जर्मन तत्त्वज्ञ कान्ट शिकवताना ‘स्वायत्तता’ या शब्दाचा इतका नेमका अर्थ माझ्या तोंडून कधी निघालेला नाही.

मग याला म्हणायचं काय? आत्महत्या नाही, इच्छामरण नाही. दया होती, पण दयेपोटी केलं असंही नाही. कुणी ‘गरिबीमरण’ म्हणालं, ते पडलं. ‘पैशाअभावी मरण’ वर्तमानपत्रासारखं वाटलं. मग तिसऱ्या बाकावरचीच म्हणाली, ‘नाइलाजमरण.’ इलाज नाही तो नाइलाज, आणि करणाऱ्याचाही नाइलाज. एकाच शब्दात आज्जाही आला आणि पप्पाही आले.

अंतर्गत परीक्षेत मी नेहमीचाच प्रश्न घातला, दयामरणाचे प्रकार स्पष्ट करा, गुण दहा. 11 जणांनी गाईडातले दोन प्रकार लिहिले. बाकीच्यांनी तीन लिहिले, तिसरा ‘नाइलाजमरण’, विहीर आणि कासऱ्यासकट. मी गुण दिले. विद्यापीठाच्या पेपरात हे लिहू नका, असं मात्र मला सांगावं लागलं. सांगताना माझा जीव खाली-वर होत होता.

परवा ती मुलगी तासानंतर थांबली. म्हणाली, पप्पांना सगळं सांगितलं, विहिरीचं, लांब कासऱ्याचं, शब्दाचं. ते जेवत होते. हात तसाच ताटात राहिला. मग म्हणाले, ‘तो कागद इंग्रजीत होता गं. मी वाचलाच नव्हता.’

कागदाची झेरॉक्स दवाखान्याच्या फायलीत, पत्र्याच्या ट्रंकेत आहे. सोमवारी ती वर्गात आणणार आहे. मी डिक्शनरी नेणार आहे. ओळीओळीनं मराठी करायचं ठरलं आहे.