मिनिटाला लाख फेरे

"फिरली का रे तुझी मोटर?" आईचा दर फोनला हाच प्रश्न. अगं, फिरते तर ती केव्हाचीच. न फुटता फिरायला हवी ना!

इकडे येऊन तीन वर्षं झाली, काम तेच: गाडीतल्या फ्युएल सेलला हवा पुरवणाऱ्या कॉम्प्रेसरची मोटर. फ्युएल सेलमध्ये हायड्रोजन आणि हवेतला ऑक्सिजन यांच्यापासून वीज तयार होते. हायड्रोजन टाकीतून स्वतःच्या दाबाने येतो. हवा मात्र ढकलावी लागते, आणि तीही त्याच सेलची वीज खर्चून. मोटर जितकी खादाड, तितकी गाडीच्या वाट्याला वीज कमी.

आमची मोटर 20 किलोवॉटची, म्हणजे जवळपास 27 हॉर्सपॉवर. टॉर्क, म्हणजे पिळायचा जोर, मात्र दोन न्यूटन-मीटरसुद्धा नाही. घट्ट बसलेलं बरणीचं झाकण याहून जास्त दमवतं. सगळी करामत वेगाची: मिनिटाला 1,00,000 फेरे. त्यामुळे 30 मिलिमीटर व्यासाचा रोटर, म्हणजे मोटरचा फिरणारा भाग, पुरतो, पण त्याच्या पृष्ठभागावरचा प्रत्येक ग्रॅम बाहेर पडायला बघतो, तोही 168 किलो वजनाच्या जोराने. मी इलेक्ट्रिकलचा माणूस. आलो चुंबकीय फ्लक्सची गणितं करायला आणि अडकलो लोहारकामात.

खरंच लोहारकाम. रोटरमधला समॅरियम-कोबाल्टचा चुंबक दाबला तर सोसतो, ताणला तर कपबशीसारखा तडकतो. म्हणून त्याच्यावर इन्कोनेल या निकेलच्या मिश्रधातूची स्लीव्ह, म्हणजे नळी, चढवायची, आतून केसाच्या जाडीएवढी मुद्दाम लहान ठेवलेली. बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धाव तापवून चढवतात, तीच युक्ती. स्लीव्ह 300 अंशांना तापवायची, चुंबक उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये बुडवायचा, आणि मग हातात काही सेकंद.

माझ्या पहिल्या खेपेला स्लीव्ह अर्ध्यावर अडकली आणि तिथेच आवळली. 'टक्'! चुंबक गेला. वर्कशॉपमधले निवृत्तीला टेकलेले तंत्रज्ञ रागावले नाहीत. त्यांनी दुसरा चुंबक नायट्रोजनमधून काढून माझ्यासमोर धरला. बघता बघता त्याच्यावर पांढरी साय धरली. त्यांनी ती नखाने खरवडली आणि एकच शब्द उच्चारला. मला इथली भाषा जेमतेम येते. तो शब्द घरी जाऊन शोधला. हिमकण! केसाएवढ्या हिशेबात हवेतल्या ओलाव्याला मी धरलंच नव्हतं.

कार्बन फायबरची स्लीव्हही चालते. तिच्यात एडी करंटचा, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत उठून त्याला तापवणाऱ्या प्रवाहांचा, त्रास जवळजवळ नसतो, पण ती आतली उष्णता बाहेर सोडत नाही आणि चुंबक उकडत राहतो. मी अजून इन्कोनेलच्याच बाजूचा.

बेअरिंगला तेल चालत नाही, कारण तेलाचा अंश हवेबरोबर सेलमध्ये गेला तर आतलं कॅटॅलिस्ट (उत्प्रेरक) खराब होतं. म्हणून शाफ्ट हवेच्याच पातळ थरावर तरंगतो. पण तरंगायला वेग लागतो. चालू आणि बंद होताना तो बेअरिंगच्या पातळ पत्र्यावर घासतो.

तो आवाज मी परवा आईला फोनवर ऐकवला. म्हणाली, "सायकलचा ब्रेक लागतोय बघ तुझा."

लागतोच. दर वेळी, थोडा थोडा.