स्किमर फेस धरत नसेल तर आधी पाण्याची पातळी बघा

खाऱ्या पाण्यातल्या माशांच्या टाकीतला स्किमर, म्हणजे बुडबुड्यांच्या फेसातून घाण बाहेर काढणारं यंत्र, बिनसला की पहिला संशय पंपावर जातो. बहुतेक वेळा पंप ठणठणीत असतो. दोष असतो तो संपमधल्या (मुख्य टाकीला जोडलेल्या खालच्या टाकीतल्या) पाण्याच्या पातळीत, नाहीतर हवेच्या नळीत.

माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतल्या कितीतरी सेंद्रिय पदार्थांना पाण्यापेक्षा हवा जवळची वाटते. बारीक बुडबुडा मिळाला की ते त्याला चिकटतात आणि फेसाबरोबर स्किमरच्या वरच्या कपात जाऊन पडतात. घाण सडून अमोनिया होण्याआधीच बाहेर जाते, हे या यंत्राचं मोठेपण. एकदा तयार झालेलं नायट्रेट मात्र स्किमर काढत नाही; त्यासाठी पाणी बदलावंच लागतं.

संपमध्ये बसणाऱ्या बहुतेक स्किमरना साधारण ६ ते ९ इंच पाणी लागतं. नेमका आकडा पुस्तिकेत बघा आणि कमी पडलं तर खाली स्टँड द्या. पाणी जास्त झालं की कपात पातळ, चहाच्या रंगाचं पाणी भरतं. कमी झालं की फेस कपाखालच्या अरुंद मानेपर्यंत चढतच नाही. म्हणून स्किमर रिटर्न पंपाच्या (पाणी परत मुख्य टाकीत चढवणाऱ्या पंपाच्या) कप्प्यात ठेवू नका. बाष्पीभवनाची सगळी घट त्याच कप्प्यात दिसते, आणि विदर्भातल्या उन्हाळ्यात ती एका दिवसातही जाणवते. आडव्या पट्टीमुळे पातळी स्थिर राहते असा कप्पा निवडा. घट भरून काढायला आरओचं गोडं पाणीच घाला, कारण मीठ वाफेबरोबर जात नाही.

नव्या स्किमरला रुळायला आठवडा-दोन आठवडे द्या. फेसाची उंची ठरवणारा व्हॉल्व्ह जरासा फिरवा आणि एक दिवस थांबा. तासातासाला फिरवत बसलात तर नेमकं कशामुळे काय झालं, ते कधीच कळणार नाही.

बुडबुडे कमी झाले, पंपाचा आवाज बदलला, तर व्हेंचुरीत (हवा पाण्यात ओढून घेणाऱ्या अरुंद तोंडात) मीठ साचलं असं समजा. हवेची नळी कपभर कोमट आरओ पाण्यात बुडवून पंपाला ते ओढू द्या. मानेच्या आतला चिकट थर दर २-३ दिवसांनी पुसा. त्या थराने फेस फुटतो. पंप दर २-३ महिन्यांनी काढून पांढरं व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन त्यात अर्धा तास चालवा, मग स्वच्छ धुवा.

खाणं टाकल्यावर फेस बसला तर काळजी नको, तेलामुळे तसं होतं. काही वेळाने तो पुन्हा चढतो. उलट फेस अचानक उतू जाऊ लागला तर पाण्यात काय गेलं ते आठवा: हाताचा साबण, वॉटर कंडिशनर, प्रवाळ चिकटवायचं इपॉक्सी. अशा वेळी कप रिकामा करत राहा, पाणी थोडं बदला.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे स्किमर खोलीतलीच हवा पाण्यात घोटतो. डासांचा किंवा झुरळांचा स्प्रे मारायचा असेल तर आधी स्किमर बंद करा आणि टाकी झाका. त्यातली पायरेथ्रॉइड ही कीटकनाशकं कोळंबी-खेकड्यांना फार घातक असतात, माशांनाही. खिडक्या उघडून वास पूर्ण गेल्यावरच स्किमर सुरू करा. तोवर वेव्हमेकर (टाकीतलं पाणी हलतं ठेवणारा पंप) चालू असू द्या, कारण प्राणवायूचा मोठा वाटाही स्किमरच पुरवत असतो.