फिरकीवर मराठी अक्षरं उमटवायची तर

दिव्यांची एकच रांग गरागरा फिरवून हवेत शब्द उमटवायचा, तर प्रत्येक फेऱ्याची सुरुवात कुठे हे तिला कळायला हवं. भोवरा इथेच अडतो. तो अख्खाच फिरतो, स्थिर असं काही उरतच नाही, आणि शब्द सरकत राहतो. बोटात धरायच्या फिरकीत (फिजेट स्पिनर) मधली टोपी जागेवर असते. तिला चुंबक, फिरत्या पाटीला हॉल सेन्सर, म्हणजे चुंबक जवळ आला की खूण देणारा सेन्सर. म्हणून पहिल्यांदा करताना फिरकीच घ्या.

सामान: 608 बेअरिंग, म्हणजे बाहेरून 22 मिमी, भोक 8, जाडी 7. चार हातांची 80 मिमी व्यासाची सर्किटची पाटी. दिवे चालवणारी अ‍ॅटटायनी84ए ही मायक्रोकंट्रोलर चिप, 10 लाल एसएमडी (पाटीवर सपाट डकवायचे) एलईडी, 470 ओहमचे 10 रेझिस्टर, सेन्सरसाठी 10 किलोओहमचा एक, 100 नॅनोफॅरड आणि 100 मायक्रोफॅरडचा एकेक कपॅसिटर, सीआर2032चे दोन सेल, 4 × 2 मिमीचा निओडिमियम चुंबक, एक सरकता स्विच. एलईडी लालच हवेत. निळ्या-पांढऱ्यांना तीनेक व्होल्ट लागतात, ते या सेलवर मिणमिणतात.

सेन्सर निवडताना हमखास चूक होते. बाजारात सहज मिळणाऱ्या ए3144ला किमान 4.5 व्होल्ट लागतात, म्हणजे तो इथे बादच. 'कमी वीज खाणारे' म्हणून मिळणारे काही सेन्सर सेकंदाला 5 किंवा 20 वेळाच चुंबक तपासतात, त्यांना फेरे मोजता येत नाहीत. डीआरव्ही5023 2.5 व्होल्टपासून चालतो आणि पुरेसा चपळ आहे. मात्र तो सतत 2.7 मिलिअँपिअर खातो. स्विच बंद करायला विसरलात तर दोन्ही सेल आठवडाभरात संपतील. चुंबक बेअरिंगच्या कडेबाहेर, केंद्रापासून 13 मिमीवर येईल एवढी रुंद टोपी करा, नाहीतर बेअरिंगचं पोलाद त्याचं क्षेत्र ओढून घेतं. सेन्सर त्याच त्रिज्येवर, अंतर दोनेक मिमी.

दहाच एलईडी का? चिपचे पाय 14. पोर्ट ए या गटाचे आठ आणि पीबी0, पीबी1 असे दहा दिव्यांना, पीबी2 सेन्सरला, एक रीसेटला, दोन विजेला. देवनागरीला हे दहा अगदी बेताचे पुरतात: वरचे दोन वेलांटी-मात्रांना, तिसरा शिरोरेषेला, पाच अक्षराच्या अंगाला, खालचे दोन उकाराला. आठ दिव्यांवर इंग्रजी आरामात बसतं, 'कृ' आणि 'र्की' मात्र चिरडतात. जोडाक्षरं प्रोग्रामने जुळवत बसू नका, अख्खा शब्द चौकटीच्या कागदावर रंगवून त्याचे आकडे, म्हणजे कुठल्या उभ्या स्तंभात कुठले दिवे लागणार ते, काढा. शिरोरेषा बाहेरच्या बाजूला ठेवा. दिवे 2 मिमी अंतराने 17 ते 35 मिमी त्रिज्येत बसतात. फेऱ्याचे 120 स्तंभ केले तर बाहेरच्या टोकाला एक स्तंभ 1.8 मिमी रुंद पडतो, आतल्या टोकाला 0.9. उकार आकसतात, त्यांना आडवं थोडं ताणून काढा.

वेळेचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला 1200 फेरे म्हणजे एक फेरा 50 मिलिसेकंदांचा, एक स्तंभ 417 मायक्रोसेकंदांचा. चिप 4 मेगाहर्ट्झवर चालवा, कारण सेल दमला की 8 मेगाहर्ट्झ भरवशाचे राहत नाहीत. चिपमधल्या टायमर1ला 8चा भाजक दिला की त्याचा एक टिक (मोजणीचा एक ठोका) 2 मायक्रोसेकंदांचा होतो. सेन्सरच्या लागोपाठच्या दोन खुणांमधले टिक मोजा, 120ने भागा आणि पुढच्या फेऱ्यात तेवढ्या अंतराने स्तंभ बदला. 131 मिलिसेकंदांत टायमर भरून वाहतो. तसं झालं की फिरकी मंदावली समजून दिवे विझवा.

यंत्राची बाजू लोक हलक्यात घेतात. याच वेगाला 25 मिमी त्रिज्येवरचा तीन ग्रॅमचा सेल बाहेरच्या दिशेने 120 ग्रॅम वजनाएवढा जोर लावतो. होल्डरची स्प्रिंग बाहेरच्या बाजूला असेल तर ती दबते, संपर्क सुटतो आणि चिप पुन्हा पुन्हा रीसेट होते. बंद भिंत बाहेर, उघडी बाजू केंद्राकडे असा होल्डर लावा. स्विचची खिटी आडवी सरकेल असा बसवा, नाहीतर फिरकीच तो बंद करील. सेल समोरासमोरच्या हातांवर, समांतर जोडून, एकाच पाकिटातले. एलईडींच्या समोरच्या हातावर तोलाला एम3चे नट.

नव्या बेअरिंगमधलं ग्रीस काढल्याशिवाय वेग मिळत नाही. झाकणी काढून रॉकेलमध्ये धुवा, वाळवा, शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब द्या.

चिपमध्ये प्रोग्राम घालायला आर्डुइनो उनो हा बोर्ड चालतो, पण तो 5 व्होल्ट देतो. आधी सेल काढा; सीआर2032 पुन्हा चार्ज होणारे नाहीत, फुटू शकतात. घालताना तीन एलईडी लुकलुकतात, कारण प्रोग्राम घालायच्या तारा त्यांच्याच पायांवर आहेत. त्यात काही बिघाड नाही.

अक्षरं आरशातल्यासारखी उलटी दिसली तर फिरकी डावीकडे फिरवली गेली आहे. दिशा ओळखायला दुसरा सेन्सर लागतो आणि त्याला पाय शिल्लक नाही. पाटीवर बाण काढून ठेवा.