दोन बोटं सैल

दुपारी दोन ते पाच आमच्या पूल पार्लरमध्ये तासाचा दर निम्मा असतो, म्हणून मी त्याच वेळेला जातो. परवा तिथे एक मित्र फॉर्म घेऊन आला. अमेरिकेतल्या कुणा कारागिराकडून तो स्वतःसाठी क्यू, म्हणजे पूल खेळायची काठी, बनवून घेतोय. वजन किती औंस, तोल पुढे की मागे, बॉलला लागणारी टोकाची टिप किती मिलिमीटरची, मुठीला आयरिश लिननचा दोरा की कातडं. मुलीच्या स्थळाची चौकशीसुद्धा इतकी बारकाईने होत नाही.

"तूही सांगून टाक, एकदमच मागवू."

मी वजनाच्या रकान्यापाशीच अडलो. माझी काठी १९ औंसांची, १३ मिलिमीटर टिपची. पण ते मी कुठे ठरवलं होतं? दुकानात त्या दिवशी तीच होती.

मापं द्यायची म्हटलं की मला आमच्या गावचा शिंपी आठवतो. दिवाळीच्या आधी वडील एकाच ताग्यातलं कापड आणायचे. त्यात माझा शर्ट, दोन्ही भावांचे शर्ट आणि उरल्यासुरल्यात दळणाची पिशवी. शिंपीकाका टेप लावून आकडे ओरडायचे, त्यांचा पोरगा वहीत लिहून घ्यायचा, आणि मागून आईचा आवाज यायचा, "वाढतं अंग आहे, दोन बोटं सैल ठेवा हो." ती दोन बोटं शिंपीकाकांच्या हातात चार व्हायची. त्यामुळे आमच्या मापाने शिवलेलं काहीच आम्हाला कधी मापात बसलं नाही. बसायला लागलं की धाकट्याकडे जायचं.

याउलट मुंबईच्या आतेभावाचा रेडिमेड शर्ट! आत पुठ्ठा, कॉलरखाली प्लॅस्टिकची पट्टी, बाह्या मागे टाचण्यांनी दुमडलेल्या. त्या नव्या खळीचा वास घ्यायला आम्ही तिघं रांगेत उभे राहायचो. एक टाचणी मी पळवली होती. कंपासपेटीत बरीच वर्षं होती.

मित्राला यातलं काही सांगितलं नाही. तो बालाबुश्काचं नाव घेत होता. जॉर्ज बालाबुश्का म्हणजे ब्रुकलिनचा, क्यू बनवण्याच्या धंद्यातला मोठा माणूस. मी म्हटलं, अरे, त्याने सुरुवातीला ब्रन्सविक कंपनीच्या तयार 'टायटलिस्ट' काठ्या घेऊनच तर त्यांच्या नव्या क्यू केल्या. मग पूलसारख्याच स्नूकर या खेळातला स्टीफन हेंड्री काढला. पोरवयात घेतलेली ४० पौंड किमतीची दुकानातली क्यू, आणि तिच्यावर १९९० ते १९९९ मध्ये सात जगज्जेतेपदं. २००३ मध्ये विमानप्रवासात ती मोडली, तर त्याची केवढी बातमी झाली. १९९९ नंतर काठी शाबूत असतानाही चार वर्षं जगज्जेतेपद आलं नव्हतं, हे मात्र गाळलं. वाद घालताना एवढं चालतं.

खरं सांगायचं तर दुकानातल्या काठीची एक सोय आहे. पार्लरच्या भिंतीवरची कुठलीही क्यू उचलायची, टेबलावर ठेवायची आणि पोळपाटावर लाटणं फिरवावं तशी लोळवून बघायची. टोक जरा उड्या मारायला लागलं, म्हणजे काठी वाकडी निघाली, की मन कसं निर्धास्त होतं. आता हरलो तरी अंगण वाकडं आहेच. आपल्या हाताच्या लांबीची, आपल्या मुठीची, सहा महिने वाट पाहून आलेली काठी घेतली तर चुकल्यावर बघायचं कोणाकडे?

"मग काय लिहू तुझं?" मित्र पेन धरून उभा.

"विशेष सूचनांचा रकाना आहे का?"

"आहे ना."

"लिही, दोन बोटं सैल."

तो हसला नाही. फॉर्म घडी करून खिशात घातला आणि म्हणाला, "खेळ, तुझाच शॉट आहे."

आठ नंबरचा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटपाशी, पांढरा बॉल अगदी समोर. शाळकरी पोरानेही घातला असता. मी घालवला. मित्र काही बोलला नाही, टिपला चॉक लावत राहिला. मी माझी क्यू टेबलावर ठेवली आणि हळूच लोळवली.

सरळ गेली. म्हणून पुन्हा एकदा लोळवली.