चावलं की हसू येतं

परवा वावरात हुरड्याला गेलो होतो, आगटीभोवती सगळे बसलेले, मी आपली हुरडा चावत होते तर भाची म्हणते, मावशी, कामून हसायलीस गं एकटीच? मी हसत नव्हते, खात होते. माझ्या डाव्या ओठाचं टोक जबड्याच्या नसेवर चालतं, चावलं की ते आपोआप वर जातं. आता हे तिला कसं सांगायचं, म्हणून म्हटलं लिहूनच काढावं.

माझा कान लहानपणापासून फुटायचा. आमच्याकडं परभणीला कान फुटणं कुणी आजारात धरतच नव्हतं, लसूण घालून तेल कडवायचं आणि कानात सोडायचं (कृपा करून हे करू नका). तिशीत कळलं की कानामागचं हाड आतून सडलंय, आणि चेहरा हलवणारी नस त्याच हाडातून जाते. सडता सडता नसही गेली. ऑपरेशन करून सड काढली, पण डावा चेहरा लोंबला तो लोंबलाच. डोळा मिटेना, चूळ भरली की पाणी बाहेर, 'प' म्हणायला गेलं की नुसती हवा.

मग सगळ्यांचं सुरू झालं, तोंडावरून वारं गेलंय, फुगे फुगव, शेजारच्या काकूंचं तोंड महिन्यात सरळ झालं तसं तुझंबी होईल. काकूंचं खरंच झालं होतं, पण त्यांना बेल्स पाल्सी होती. त्यात नस सुजते पण शाबूत असते, पहिल्या ७२ तासांत स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू झाल्या तर चांगलंच, आणि बहुतेक लोक काही आठवड्यांत नाहीतर महिन्यांत बरे होतात. माझी नसच तुटलेली, ती कशी बरी होणार? हा फरक मला कुणी सांगितला नाही आणि मीही विचारला नाही, अडीच वर्षं शेक आणि करंट घेत बसले.

शेवटी रात्रीच्या गाडीनं पुण्याला गेले, तिथल्या प्लास्टिक सर्जननी पहिलाच प्रश्न विचारला, किती दिवस झाले? कारण नसेविना चेहऱ्याचे स्नायू साधारण दीड वर्ष तग धरतात, फार तर दोन, मग वाळून जातात. त्याआधी आले असते तर जबड्याच्या नसेची एक फांदी चेहऱ्याच्या नसेला जोडून बहुतेक काम भागलं असतं. नस तुटल्या तुटल्या कळलं तर पोटरीच्या नसेचा तुकडा मधे घालून तीच नसही सांधता येते. माझे स्नायूच संपले होते, म्हणून नवीन स्नायू आणावा लागणार होता, मांडीच्या आतल्या बाजूचा, ग्रॅसिलिस म्हणतात त्याला. जपानमधे हारी नावाच्या सर्जननी १९७६ साली हे छापून आणलं, म्हणजे तसं जुनंच आहे, फक्त आमच्यापर्यंत पोचलं नाही.

पण स्नायू आणला तरी त्याला चालवणारी नस लागते, आणि खरी गंमत तिथं आहे. एक रस्ता म्हणजे चांगल्या बाजूच्या नसेची फांदी घेऊन पोटरीची नस वरच्या ओठातून पलीकडं न्यायची. नस दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, त्यामुळं ९ ते १२ महिने थांबायचं, मग दुसऱ्या ऑपरेशनला स्नायू. पण त्यातलं हसू मनापासूनचं असतं, जोक ऐकला की दोन्हीकडं येतं. दुसरा रस्ता जबड्याच्या नसेचा, एकाच ऑपरेशनमधे होतं, जोर भरपूर, पण हसायला दात दाबायला शिकावं लागतं. वय जास्त असेल तर कानशिलाचा स्नायू ओठापर्यंत ओढून आणतात, नाहीतर मांडीतली पट्टी घालून तोंड नुसतं वर बांधतात, ते हलत नाही पण लोंबतही नाही. मी दुसरा रस्ता घेतला, दोनदा रजा कोण देणार होतं.

पाचव्या महिन्यात आरशासमोर दाढा दाबल्या आणि ओठ हलला. इतका की फक्त मलाच दिसला. मी भाकरी टाकून दिवसभर आरशासमोरच. आता दोन वर्षं होतायत, कधी कधी दात न दाबताही येतं. भुवई उठत नाही, खालचा ओठ अजून वाकडा जातो, उजव्या बाजूला बोटॉक्स (स्नायू ढिला पाडणारं इंजेक्शन) देऊन थोडं सारखं करू म्हणतायत, बघू. मांडीचं काही जाणवत नाही, जिने चढते.

डोळ्याचं वेगळं केलं. वरच्या पापणीत ग्रॅमभर सोन्याची चिप बसवली, डोळा मिटायला गेलं की वजनानं पापणी खाली येते. आडवं झालं की तेच वजन कामाला येत नाही, म्हणून रात्री मलम आणि चिकटपट्टी आहेच. आईनं हे ऐकून आधी भाव विचारला. मग म्हणाली, ग्रॅमभरच ना, माझ्या पोतीतले दोन मणी दिले असते की.