तुम्ही विचारलंत म्हणून: नव्या विमानाच्या जाहिरातीला पैसा कुणी घालायचा?

गावात विमान सुरू होणार म्हटलं की व्यापारी संघटनांकडून हा प्रश्न येतोच: सरकारचं अनुदान आहे, मग आम्ही वर्गणी कशाला काढायची? आणि काढलीच तर किती?

अनुदान जाहिरातीसाठी नसतं. केंद्राच्या उडान योजनेतला व्हीजीएफ, म्हणजे तूट-भरपाई निधी, विमान कंपनीची तूट भरायला मिळतो, ठरावीक आसनांमागे आणि तीन वर्षांपुरता. राज्याने २०२५ मध्ये सोलापूर-पुणे-मुंबई मार्गाला आसनामागे ३,२४० रुपये मंजूर केले, तेही एका वर्षासाठी. मुदत संपल्यावर काय होतं ते सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगच्या २०२३ च्या उडानवरच्या अहवालात आहे: मार्ग दिले ७७४, सुरू झाले ३७१, तीन वर्षं पुरी केली ११२ मार्गांनी, आणि त्यापुढेही टिकले फक्त ५४. मुदत असेपर्यंत लोकांना विमानाची सवय लावायची, आणि हे काम गावाशिवाय दुसरं कुणी करत नाही.

आता रक्कम. धरा, ७० आसनी एटीआर, म्हणजे पंख्याचं छोटं विमान, आठवड्यातून ५ दिवस ये-जा करतं. आठवड्याला ७०० आसनं, १३ आठवड्यांत, म्हणजे तीन महिन्यांत, ९,१००. निम्मी तशीही भरतील. ७५ टक्के गाठायचे तर आणखी २,२७५ प्रवासी हवेत. एका नव्या प्रवाशामागे साडेतीनशे रुपये धरले तर साधारण ८ लाख. चाळीस जणांनी वीस-वीस हजार काढले की झालं. दरडोई आकडा कमी-जास्त करा, पण हिशेब आसनांवरूनच मांडा. ‘पंचवीस लाख गोळा करू’ अशी सुरुवात झाली की निम्मा पैसा उद्घाटनाच्या मांडवात आणि फ्लेक्सवर जातो.

पैसा वर्गणी म्हणून घेऊ नका, प्रायोजकत्वाचं बिल द्या. देणाऱ्याला तो जाहिरात खर्चात दाखवता येतो, आणि संस्था व देणारा दोघांचीही जीएसटी नोंदणी असेल तर भरलेल्या कराची वजावटही मिळते. ‘सीएसआरमधून (कंपन्यांच्या सामाजिक कामाच्या निधीतून) करू’ ही सूचना हमखास येते. पण त्यात चालणाऱ्या कामांची यादी कंपनी कायद्याच्या परिशिष्ट ७ मध्ये आहे, आणि तीत विमानाची जाहिरात बसत नाही. खातं वेगळं ठेवा, सह्या दोघांच्या.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे सगळी जाहिरात आपल्याच गावात करणं. सोलापूरचंच बघा. इथला माणूस सिद्धेश्वर एक्स्प्रेसने रात्री निघतो आणि सकाळी मुंबईत कामाला लागतो. २०२३ पासून वंदे भारतही आहे. त्याला विमान विकायचं तर तिकीट, वेळ आणि त्याच दिवशी परतता येतं का, एवढं सांगावं लागतं. उलट मुंबई-गोव्याहून अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूरला येणाऱ्याला सोलापुरात विमान उतरतं हेच ठाऊक नसतं. म्हणून आठपैकी तीन-साडेतीन लाख पलीकडच्या शहरात लावा. जाहिरातीत विमानाच्या फोटोपेक्षा ‘विमानतळावरून अक्कलकोटला गाडी कुठून, किती वाजता, किती रुपयांत’ ही ओळ जास्त तिकिटं खपवते. ती गाडी मात्र खरोखर उभी पाहिजे.

आसनं विक्रीला येईपर्यंत एक रुपयाही खर्चू नका. मुंबई विमानतळावर उतरण्या-उडण्याची ठरलेली वेळ, म्हणजे स्लॉट, मिळणं लांबतं, वेळापत्रक बदलतं, आणि छापलेल्या पत्रकांवरची वेळ खोटी ठरते. स्लॉट दुपारचा मिळाला तर व्यापाऱ्यांना उद्देशून केलेली जाहिरात वायाच. मग भर यात्रेकरू आणि रुग्णांवर द्या.

दीड लाख बाजूला ठेवा, ते फेरी रद्द झाली तर. बऱ्याच लहान विमानतळांवर आयएलएस, म्हणजे कमी दिसत असताना विमान उतरवायला मदत करणारी यंत्रणा, नसते. पावसाळ्यात ढग खाली आले की विमान उतरत नाही. पैसे परत देणं किंवा पर्यायी सोय करणं कंपनीचं काम, पण अडकलेल्या वीस जणांना त्याच दिवशी गाडीने पुण्याला पोचवलंत तर ते पुन्हा तिकीट काढतात. नाहीतर ‘त्या विमानाचा काही भरवसा नाही’ हे संध्याकाळपर्यंत सगळ्या बाजारपेठेत पोचलेलं असतं.

काही ठिकाणी कंपनी महसूल हमी मागते: ठरलेल्या उत्पन्नापेक्षा कमी आलं तर फरक गावाने भरायचा. अमेरिकेत लहान शहरं हे करतात, पण त्यांना २००० सालच्या कायद्यातून केंद्रीय अनुदान मिळू शकतं, आणि तेही आधी खर्च करा, मग परतावा घ्या अशा पद्धतीने. आपल्याकडच्या संघटनेने या भानगडीत पडू नये. विमान रिकामं गेलं की हमीची रक्कम जाहिरातीपेक्षा कितीतरी वेगाने संपते.

त्याऐवजी पंधरा-वीस कारखानदार आणि रुग्णालयांकडून महिन्याला किती तिकिटं काढणार ते लेखी घ्या, आणि प्रत्येक गटाला कंपनीकडून वेगळा सवलत कोड मागा. कुठल्या जाहिरातीने किती तिकिटं गेली ते कोडवरून कळतं. भारतीय विमानतळ प्राधिकरण दर महिन्याला विमानतळनिहाय प्रवासी आणि फेऱ्यांचे आकडे जाहीर करतं. प्रवाशांना फेऱ्यांनी भागा, सरासरी समोर येते. विमानतळावर एकापेक्षा जास्त मार्ग असतील तर मात्र मार्गवार आकडे कंपनीकडूनच घ्यावे लागतात. ते दर महिन्याला मिळतील हे प्रचार सुरू होण्याआधी लिहून घ्या, नंतर कुणी देत नाही.